मुलांचं बोट धरून आपलंच गाव

मैत्रिणींनो, गोष्ट तशी साधीच आहे. आमच्या शेजारच्या काकू गेल्या वर्षी मुलाकडे लिस्बनला तीन महिने राहून आल्या. लिस्बन म्हणजे पोर्तुगालची राजधानी. आल्या त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्याकडे चहाला बसल्या आणि मोबाइलमधले फोटो दाखवू लागल्या. त्यांची नातवंडं आमच्या मुलांच्याच वयाची. मोठा आठ वर्षांचा, धाकटी पाच. फोटो पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की यातले निम्मे फोटो नुसते चालतानाचे आहेत. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, पायऱ्यांचे रस्ते, काळ्या-पांढऱ्या दगडांची नक्षी केलेले फूटपाथ, आणि त्यावरून आईचं बोट धरून चाललेली दोन पोरं.

"अगं, सून रविवारी सकाळी दोघांना घेते आणि निघते," काकू म्हणाल्या. "मी विचारलं, काय आणायचंय? तर म्हणे, काही नाही आई, नुसतं फिरायचंय."

आमचे चिरंजीव माझ्या खांद्यावरून फोटो बघत होते. त्याने विचारलं, "आई, आपल्याकडे काय आहे गं असं बघायला?"

मी कपबशा गोळा करता करता म्हटलं, "डोंबिवलीत काय असणार बघायला? काही नाही."

त्याने ते निमूटपणे मान्य केलं. तेवढंच. पण रात्री भांडी आवरताना मला ते टोचत राहिलं. लग्न होऊन डोंबिवलीत आले त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी ठाण्याला किती वेळा गेले असेन? लग्नाच्या साड्यांना, दातांच्या डॉक्टरकडे, मावससासूबाईंच्या आजारपणात. कल्याणला? लांबच्या गाड्या पकडायला. म्हणजे स्टेशनाबाहेर पडले ती रिक्षात बसले, आणि काम आटोपून परत रिक्षानेच स्टेशनात. ठाणं मी पाहिलेलंच नव्हतं, आणि पोराला मात्र ठामपणे सांगून मोकळी झाले की काही नाही!

तुमचंही असंच असेल, नाही का? आपण मुलांना घेऊन घराबाहेर पडतो ते काही ना काही कामाला. शाळा, क्लास, डॉक्टर, भाजी, लग्नकार्य, देवदर्शन. काम नसताना बाई दोन पोरांना घेऊन रस्त्याने चालली आहे, हे आपल्याला स्वतःलाच जरा चमत्कारिक वाटतं. मी घरात सांगितलं की रविवारी मुलांना घेऊन ठाण्याला फिरायला जाणार, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच. "कुणाकडे?" आमचे 'हे' म्हणाले, "मॉलमध्ये का? मग संध्याकाळी जाऊ सगळे." सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त "पोरांना उगाच वणवण" एवढंच पुटपुटल्या.

एक गंमत तुम्हाला आधीच सांगते. काकू ज्या पोर्तुगालहून आल्या, त्याच देशाच्या लोकांचा आपल्या ठाण्यावर सुमारे दोनशे वर्षं अंमल होता. १७३७ साली मराठ्यांनी त्यांच्याकडून ठाणं घेतलं. म्हणजे लिस्बनला जायला पैसे नसले तरी लिस्बनच्या माणसांनी बांधलेली तटबंदी लोकलच्या तिकिटात पाहता येते. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून युरोपातली मंडळी आपलं ठाणं बघत आली आहेत. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात 'ताना' आहे. १३२१ च्या सुमारास ओडोरिक नावाचा इटलीचा एक ख्रिस्ती साधू ठाण्यात आला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथले उंदीर कुत्र्यांएवढे मोठे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, कुत्रीच त्यांना मारतात! आपल्या गटारातली घूस पाहून बिचारा घाबरला असणार. ही हकिकत मी मुलांना गाडीत सांगितली आणि ठाणं येईपर्यंत धाकटी रुळांकडे टक लावून घुशी शोधत होती.

पहिला रविवार फसला

पहिल्या खेपेला मी काय चुका केल्या त्या सांगते, म्हणजे तुम्ही तरी करणार नाही.

एक तर मी वहीत यादी करून नेली. स्टेशन, कौपिनेश्वर, तलावपाळी, चर्च, सिनेगॉग, तुरुंग, ग्रंथसंग्रहालय. सगळं एका सकाळी! शाळेच्या सहलीला बाई नेतात तशी मी पुढे आणि पोरं मागे. दुसरं म्हणजे घरातलं सगळं आवरून निघायला साडेदहा झाले. तिसरं, धाकटीला नवे बूट घातले, कारण फोटो चांगले यावेत.

व्हायचं तेच झालं. जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात, टोपल्या आणि हातगाड्यांच्या मधोमध, माझी कन्या खाली बसली. टाचेला फोड आला होता. ऊन डोक्यावर. चिरंजीवांना तहान लागली होती आणि बाटली रिकामी. मी एकीला कडेवर घेतलं, दुसऱ्याला दटावलं, आणि देवळाला बाहेरूनच नमस्कार करून परत फिरले. स्टेशनात आलो तर मेगाब्लॉक! फलाटावर मुंगीला शिरायला जागा नाही. घरी पोचेपर्यंत अडीच वाजले. सासूबाईंनी गरम भात वाढला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचंच जास्त लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आठवडाभर मी मुलांना बोल लावत होते. यांना चालायची सवयच नाही, सारखी गाडी हवी. मग एका दुपारी धाकटीला शाळेतून आणताना सहज घड्याळ लावून पाहिलं. घर ते शाळा माझ्या पायांनी सात मिनिटं. तिच्या पायांनी एकोणीस. पण त्या एकोणीस मिनिटांत ती एकदाही दमले म्हणाली नाही. तिने एका कठड्यावरून हात फिरवला, मांजराशी बोलली, उघड्या गटारावरच्या फरशा मोजल्या. पोर चालायला कंटाळत नाही, मैत्रिणींनो. ते आपल्या वेगाने चालायला कंटाळतं.

दुसऱ्या खेपेला

पुढच्या वेळी यादी घरी ठेवली. थंडीचे दिवस होते. रविवारी सकाळी सव्वासहाला निघालो. स्वयंपाकाचं काय, असं तुम्ही विचाराल. आदल्या रात्री मसालेभाताची तयारी करून ठेवली आणि 'ह्यां'ना सांगितलं की नऊ वाजता कुकर लावायचा. जग बुडालं नाही. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा हे मात्र मला फोन करून विचारलं गेलं.

पिशवीत घेतलं ते एवढंच. पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे, चार तिखटमिठाच्या पुऱ्या, एक जुना पंचा आणि धाकटीचा एक जादा फ्रॉक. पायात रोजची झिजलेली चप्पल. दोघांच्याही खिशात नाव आणि माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरातून निघताना दोघांनाही 'जाऊन ये' म्हणून बाथरूमला पिटाळायचं, लागलेली नसली तरी. बाहेर बाईमाणसाची आणि लेकरांची जी पंचाईत होते ती तुम्हाला ठाऊक आहे. मी आता एक ठरवून टाकलंय. निघाल्यापासून तासाभराने एखाद्या बऱ्याशा हॉटेलात शिरायचं, चहा-दूध घ्यायचं आणि तिथली सोय वापरायची. चहाचे पैसे त्या सोयीचेच समजायचे.

पहिला मुक्काम ठाणे स्टेशनातच, फलाटावर. चिरंजीवांना गाड्यांचं वेड. त्याला सांगितलं की १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी निघाली ती इथे यायला. १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, २१ मैलांचा रस्ता, आणि गाडी ओढायला तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान. पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोचले. "म्हणजे आपली डोंबिवलीची गाडी तेव्हापासून?" त्याने विचारलं. "रूळ तेव्हापासून," मी म्हटलं. तो बराच वेळ त्या रुळांकडे बघत राहिला. रोज दिसणारी वस्तू, पण आज तिला वय आलं होतं. मग मी माझ्या लहानपणची गोष्ट सांगितली. जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की आम्ही पोरं अंधारात ओरडायचो. तो बोगदा १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. २०२२ साली नव्या मार्गिका झाल्या आणि जलद लोकल बोगदा सोडून कळवा-मुंब्र्याच्या अंगाने धावू लागल्या. माझ्या मुलांना तो अंधार माहीत नाही.

तिथून कौपिनेश्वराचं देऊळ. सकाळी सातला बाजार नुकता मांडला जात असतो, रस्ता मोकळा असतो, फुलवाल्या झेंडूचे ढीग रचत असतात. शिलाहार राजांच्या वेळी हे गाव 'श्रीस्थानक' होतं, राजधानीचं गाव. आज दिसतं ते देऊळ मराठ्यांच्या काळातलं, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलेलं. हे मी मुलांना सांगितलं नाही. ते सांगायचं म्हणून मी पाठ केलं होतं, पण आत गेल्यावर ते मोठं थोरलं शिवलिंग पाहून धाकटी "केवढा देव!" म्हणाली, आणि मला वाटलं, पुरे. तेवढंच बरोबर आहे.

देवळाच्या मागे मासुंदा तलाव, आपली तलावपाळी. इथे बसून पुऱ्या खाल्ल्या. तळ्याकाठी सकाळी फिरायला येणारी मंडळी भरभर चकरा मारत असतात, त्यांच्यात आम्ही तिघंच बसलेली. होडीत बसायचा हट्ट झाला. मी सांगितलं, परत येताना. हे लालूच शेवटी ठेवावं, आधी देऊ नये, हा माझा अनुभव.

तळ्याच्या जवळच सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे, त्याचा इतिहास पोर्तुगीज अमदानीत सुरू होतो. रविवारी सकाळी प्रार्थनेची वेळ असते, तेव्हा गलका न करता दाराशी उभं राहावं. तिथे एक आजी काठापदराची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आत चाललेल्या पाहून धाकटीने मोठ्याने विचारलं, "आई, या देवळात चुकून आल्या का?" त्या आजींनी वळून मराठीतच उत्तर दिलं, "नाही गं बाय, आमचंच देऊळ हे." मला लाजल्यासारखं झालं, पण त्या हसत होत्या.

पुढे टेंभी नाक्याजवळ ज्यूंचं सिनेगॉग आहे, शार हशामायिम, म्हणजे स्वर्गाचं दार. १८७९ चं आहे. बेने इस्रायली मंडळी कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरात मराठीच बोलत. तिथे असंच आत शिरू नये, आधी विचारावं लागतं. आम्ही फाटकातूनच पाहिलं. त्या दिवशी अर्ध्या तासात, एका लहानशा चौकोनात, आम्ही महादेव, येशू आणि 'शनवार तेली' असे तीन शेजारी पाहिले. लिस्बनच्या फोटोंत हे कुठे होतं?

आता चालण्याबद्दल खरं ते सांगते, कारण नुसतं गोडगोड लिहिलं तर तुम्ही जाऊन आल्यावर मला शिव्या द्याल. आपले फूटपाथ लेकरांसाठी नाहीत. जिथे आहेत तिथे मध्येच संपतात, त्यावर दुचाकी उभ्या असतात, फरशी निखळलेली असते, आणि कठडा इतका उंच की पाच वर्षांच्या पोराला उचलूनच चढवावं लागतं. दोन मुलं असली की एक हात कमी पडतो. आमचा नियम असा की धाकटी माझ्या हाताला, भिंतीच्या बाजूने. मोठ्याने तिचा दुसरा हात धरायचा नाही, त्याने माझ्या पिशवीचा बंद धरायचा. रस्ता ओलांडताना गप्पा बंद. काकूंना मी विचारलं होतं, तिकडे पोरं इतकी कशी चालतात हो? काकू म्हणाल्या, "अगं, तिथे मोटार थांबते." एवढाच फरक आहे बघा, पोरांत काही फरक नाही.

तुरुंगाची भिंत

ठाण्यातली मुलांना सगळ्यांत भावलेली जागा कोणती असेल? मला वाटलं होतं होडी. ती निघाली मध्यवर्ती कारागृहाची भिंत! आत जाता येत नाही आणि फोटोही काढू नयेत. पण हा तुरुंग म्हणजेच ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला.

मुलांना त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजीरावाचे हे कारभारी. १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला, त्यात त्यांना धरून इथे ठेवलं होतं. कैदी फितवू नये म्हणून पहारा मुद्दाम सगळा गोऱ्या शिपायांचा. तर सांगतात असं, की बाहेर घोड्याची निगा राखणारा एक मराठी मोतद्दार खरारा करता करता गाणं म्हणायचा. त्या गाण्यातच पळून जायचा सगळा बेत! गोरे शिपाई शेजारी उभे राहून ऐकत, पण कळतंय कुणाला? सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. हे ऐकल्यावर माझी दोघंही त्या भिंतीखाली उभी राहून गाण्यात निरोप घालू लागली. "आईऽऽ मला भूक लागलीऽऽ, पहारेकऱ्याला सांगू नकोऽऽ." येणारेजाणारे बघत होते. खुशाल बघोत.

परत फिरताना मोठ्याने विचारलं, "आत अजून माणसं आहेत?" म्हटलं, "आहेत." मग थोडं थांबून मी त्याला अनंत कान्हेऱ्यांचं सांगितलं. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला गोळी घातल्याबद्दल कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी इथे फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. धाकटी पुढे फुगेवाल्याकडे बघत होती, तिला ऐकवलं नाही. सगळं सगळ्यांना एकाच वयात सांगायला हवं असं नाही. मोठा काही बोलला नाही. त्याने पिशवीचा बंद सोडून माझं बोट धरलं.

मग होडी झाली. साडेनऊला परतीची गाडी, मेगाब्लॉकच्या आत. घरी आलो तेव्हा कुकर झालेला होता. भात जरा खाली लागला होता, पण त्याची चर्चा कशाला?

कल्याण, आणि सासूबाई

त्या रात्री जेवताना मुलं आजीला सगळं सांगत होती. तुरुंग, गाणं, घूस. सासूबाई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "दुर्गाडी दाखवलास का त्यांना?"

मैत्रिणींनो, माझ्या सासूबाईंचं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळचं. हे मला माहीत होतं, पण जसं आपल्याला पत्रिकेतलं गोत्र माहीत असतं, तसं. त्या आता चौऱ्याहत्तरच्या आहेत. डोंबिवलीहून कल्याण गाडीने अवघी दहा-बारा मिनिटं. मी विचारलं, "तुम्ही शेवटच्या कधी गेला होता दुर्गाडीला?" त्यांनी हिशेब केला. भावाने घर विकलं त्याच्याही आधी. पंचवीस वर्षं तरी झाली असतील.

"मग गेला का नाहीत?"

"काही काम नव्हतं," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं निघालो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून एक युक्ती केली, ती लहान मुलांनाही तितकीच लागू पडते. सगळ्यांत लांबच्या टोकाला रिक्षाने जायचं आणि तिथून स्टेशनाकडे चालत यायचं. म्हणजे प्रत्येक पावलाला घर जवळ येतं, आणि कुणी थकलं तर वाटेत कुठेही रिक्षा करता येते.

दुर्गाडी उल्हास नदीच्या खाडीवर आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती ऑक्टोबर १६५७ मध्ये, आणि इथेच त्यांच्या आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते, पुढे ते काम टाकून निघून गेले. चिरंजीव लगेच म्हणाले, "ठाण्याला पोर्तुगीज शत्रू होते ना? मग इथे नोकरीला कसे?" मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "अरे, पोट सगळ्यांनाच असतं." याहून चांगलं उत्तर मला पुस्तकात मिळालं असतं असं वाटत नाही. कल्याण बंदर त्याच्याही फार आधीचं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर लोकांचा उल्लेख आहे.

तिथून लाल चौकी, मग पारनाका. सासूबाई पुढे आणि आम्ही मागे. घरी उठताना 'अगं आई गं' करणाऱ्या बाईंनी मला एकदाही हात मागितला नाही. इथे टांगे उभे असायचे. इथे आम्ही सागरगोटे खेळायचो. या वळणावर वडील दिसले की आम्ही दुसऱ्या बोळाने पळायचो. एका चारमजली इमारतीपुढे त्या थांबल्या. खाली मोबाइलचं दुकान होतं. "इथे आमची विहीर होती," त्या म्हणाल्या. दुकानातला मुलगा बाहेर आला, त्याला वाटलं गिऱ्हाईक. धाकटीने त्याला सांगितलं, "तुझ्या दुकानाखाली आजीची विहीर आहे." त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं.

त्या स्टुलावर बसून सासूबाईंनी मुलांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. डॉक्टर आनंदीबाईंचा जन्म कल्याणचाच, ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते कल्याणच्या पोस्टात कारकून असलेल्या गोपाळरावांशी. १८८३ मध्ये त्या बोटीने अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. अवघं एकवीस वर्षांचं वय. हे सगळं आपण शाळेत शिकलो. पण अमेरिकेला जाण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या सेरामपूरला, त्यांनी एक भाषण केलं होतं. त्यात त्यांनी सांगितलं होतं की मुंबईत शाळेत चालत जाताना लोक भोवती जमायचे, हसायचे, ओटीवर बसलेली प्रतिष्ठित माणसं खडे मारायची, दुकानदार थुंकायचे. का? तर एक बाई रस्त्याने चालली होती. हे मी सांगितलं. सासूबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "खडे नाही कुणी मारले आम्हाला. पण आई म्हणायची, काम झालं की सरळ घरी."

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, टिळक चौकातून जाऊ. तो लांबचा रस्ता आहे."

लांबच्या रस्त्याने आम्ही गेलो. सगळं मिळून दीड तास चाललो असू, मध्ये तीनदा बसलो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. वहीतल्या यादीत दोन्ही आहेत, आणि दोन्ही राहिली आहेत. राहू देत.

डोंबिवलीचं काय, असं विचाराल. मी पोराला 'काही नाही' म्हटलं होतं, त्याची थोडी भरपाई आता करते आहे. वर्षातून दोन दिवस आमचा फडके रोड चालणाऱ्यांचा असतो. दिवाळीची पहाट, आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा, जी गणेश मंदिराने १९९९ साली सुरू केली. त्या दिवशी गाड्या नसतात, आणि आमची धाकटी भर रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून चालते. बाकीचे दिवस आम्ही रविवारी सकाळी सातच्या आत निघतो. त्या वेळी सगळ्याच रस्त्यांवर थोडीफार दिवाळी असते.

परवा सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. माझी पोळी तव्यावर होती. लसूण सोलायला घेत म्हणाल्या, "अगं, ते ठाण्याचं तळं. तिथे होडीत मोठ्या माणसांनाही बसवतात ना?"